डायनरमधील न्याहारी

अमेरिकेत रस्त्यालगतचे जुने ‘डायनर’ पाहून तो रेल्वेचा निकामी डबा असावा, असे वाटते. बहुधा तसे नसते. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट याने घोडागाडीतून वृत्तपत्र कचेरीतील रात्रपाळीच्या कामगारांना खाद्यपदार्थ विकण्यास आरंभ केला. डायनरचे मूळ तेथे. पुढे ही उपाहारगृहे कारखान्यात बांधून जागेवर नेली जात, म्हणून त्यांचा आकार अरुंद व लांबट. काउंटरपुढची फिरती स्टुले, डोळ्यांदेखत तव्यावर होणारी अंडी, पॅनकेक आणि रिकामा होताच पुन्हा भरला जाणारा कॉफीचा कप (कॉफी बेताचीच!) आजही भेटतात. नव्या डायनरमधील क्रोमचा झगमगाट व ज्यूकबॉक्स १९५० च्या दशकाची हुरहुर जागवतात. त्या दशकात दक्षिणेकडील अनेक काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसण्यास मज्जाव होता, हे मात्र सजावटीत दिसत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तो बेकायदा ठरला.