धानाच्या रोपातील पेशी व त्यांची कार्ये

सूरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगराभोवती, एटापल्ली तालुक्यात, पावसाळ्यात बांध्यांतून धान उभे असते. बांधीत चार बोटे पाणी साचून राहिले तरी धान तरारते. परंतु तेच पाणी तुरीच्या मुळाशी काही दिवस राहिल्यास तूर पिवळी पडून वाळते. असा भेद का पडतो, हे समजण्यासाठी वनस्पतीच्या पेशींची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

जशी विटांची भिंत, तसे पेशींचे शरीर. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यास लहान लहान कप्पे दिसले. ती मृत पेशींची रिकामी घरे होती. जिवंत पेशीत मात्र अनेक भाग असून प्रत्येकाचे कार्य निराळे असते.

पेशीभित्तिका : हे पेशीचे बाहेरचे कठीण आवरण होय. धानाच्या पानांत यात सिलिका साठते. म्हणूनच पाते हातास कापते. नत्र प्रमाणाबाहेर दिल्यास पाने लुसलुशीत होतात, भित्तिका कोवळ्या राहतात आणि करपा रोगास वाट मिळते.

पेशीपटल : भित्तिकेच्या आतील हा नाजूक पापुद्रा काय आत घ्यावे व काय बाहेर सोडावे, हे ठरवितो. बाहेरचे पाणी अधिक खारट असल्यास पेशीतील पाणी पटलातून बाहेर ओढले जाते. मुळाशी खताचा ढीग पडल्यास रोप जळते, ते याच कारणाने.

रिक्तिका : ही पाण्याची पिशवी होय. ती भरलेली असेल तर पान ताठ राहते; रिकामी होऊ लागली की पान माना टाकते.

प्रकल : यात आनुवंशिक गुण वाहणारी गुणसूत्रे असतात. धानाच्या पेशीत ती २४ असतात. १२ मातेकडून, १२ पित्याकडून. संकरित वाणाच्या पुढील पिढीत या गुणांची फेरवाटणी होते व पीक एकसारखे येत नाही. यास्तव अशा वाणाचे घरचे बी पुन्हा पेरू नये.

हरितकण : सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवा व पाणी यांपासून अन्न तयार करण्याचे कार्य येथे चालते. त्यातील हिरव्या द्रव्यात नत्र व मॅग्नेशियम असते. नत्र कमी पडले की रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांस पुरविते. म्हणून खालची पाने प्रथम पिवळी पडतात.

तंतुकणिका : अन्नापासून शक्ती मिळविण्याचे कार्य यांचे. त्यास प्राणवायू लागतो, व मुळांच्या पेशीही यास अपवाद नाहीत.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पाणी साचलेल्या जमिनीत हवा उरत नाही. धानाच्या मुळांतील काही पेशी नष्ट होऊन तेथे हवेच्या पोकळ वाटा तयार होतात, आणि पानांकडून आलेली हवा मुळांच्या टोकापर्यंत पोहोचते. तुरीस ही सोय पुरेशी नसल्याने तिची मुळे गुदमरतात. धानाच्या मुळांतून थोडा प्राणवायू बाहेरही झिरपतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेले लोह मुळांबाहेरच तांबड्या थराच्या रूपाने बसते. मुळे अशक्त असतील तर लोह आत शिरून पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पऱ्हे टाकण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे. धुण्यात हयगय केल्यास राहिलेले मीठ कोंबाच्या पेशींतील पाणी ओढून घेते.

२. युरिया एकाच वेळी न देता हप्त्याहप्त्याने द्यावा.

३. तूर बांधावर किंवा निचऱ्याच्या जमिनीत घ्यावी व पाणी निघून जाण्यास चर काढावेत.

४. लोहयुक्त जमिनीत धानावर तपकिरी ठिपके दिसल्यास बांधीतील पाणी काही दिवस काढून मुळांस हवा मिळू द्यावी.

पेशी डोळ्यांस दिसत नाही. परंतु तिची भूक, तहान व गुदमर पानांवर उमटते. बांधीवर फेरी मारताना पानांचा रंग व मुळांची स्थिती पाहण्याची सवय ठेवल्यास नुकसान वेळीच टळू शकेल.