मोटार ‘हो’ म्हटल्यानं थांबत नाही

तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकऱ्याचे हात पाहावेत. कासऱ्याच्या ओढीनं तो जोडी आवरतो, आवाजानं पळवतो. हीच सवय अंगात घेऊन शेतकरी पहिल्यांदा मोटारीत बसला तर? या प्रश्नावर अमेरिकेतल्या मूकपटांनी १९१० आणि १९२०च्या दशकांत खूप हसवलं. त्या हशाची जुळणी समजायला आधी मोटार समजून घेऊ.

ती बहुधा फोर्डची मॉडेल टी असे. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या आणि खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनीही त्या घेतल्या.

पहिली पायरी हॅन्डलची. विहिरीवरचं डिझेल इंजिन हातानं सुरू केलेल्या वऱ्हाडी माणसाला हॅन्डलचा फटका ठाऊक असतो. मॉडेल टीत स्टीअरिंगखालचा डावा दांडा वर ठेवला, की ठिणगी उशिरा पडते. ते विसरलं तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडू शकतं.

दुसरी पायरी ब्रेकची. थंडीत तेल घट्ट होऊन क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटतात. हातब्रेक ओढलेला नसला, तर इंजिन सुरू होताच मोटार हॅन्डल मारणाऱ्याच्याच अंगावर चालून येते. पडद्यावर मालकाच्या मागे लागलेल्या मोटारीचं मूळ हे असं खरं आहे.

तिसरी पायरी पायांची. डावं पेडल पूर्ण दाबलं की गाडी हळू चालते, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की वरचा गिअर. मधलं पेडल मागे जाण्याचं, उजवं ब्रेकचं. वेग वाढवायचा तो हातातल्या दांड्यानं. घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि गाडी आणखी जोरात सुटते.

चौथी पायरी कॅमेऱ्याची. त्यालाही हॅन्डलच होतं. सेकंदाला १२ चित्रं टिपून १८च्या वेगानं दाखवली, की ताशी ४० किलोमीटरची गाडी ६०नं पळताना दिसते.

आवाज नसल्यानं उरलेलं सगळं नटाच्या अंगावर येतं. तो स्टीअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढतो, बैल थांबवताना करतात तसा तोंडाचा मोठा ‘हो’ करतो. पडद्यावरची संवादाची पाटी वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. आणि पाय चुकीच्या पेडलवर पडल्याचं दाखवायला त्या नटाला प्रत्येक पेडलची जागा चोख माहीत असावी लागते.

म्हणून हा शेतकरी मला कधीच अडाणी वाटला नाही. त्याचे हात वर्षानुवर्षांच्या कामात तयार झालेले असतात, फक्त समोरचा जीव बदललेला असतो. अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मोटार रुतली, तर तोच बैलजोडी आणतो, दोर बांधतो. गाडी बाहेर निघते. तो ‘हो’ म्हणतो आणि बैल जागेवर थांबतात.