कळशीतलं मीठ

रक्तदाब वाढला की डॉक्टर पहिली सूचना देतात ती मिठाची. लोणचं-पापड बंद, पानात वाढलेलं मीठ बंद. पण मीठ पिण्याच्या पाण्यातूनच पोटात जात असेल तर?

बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यातला दाकोप हा सुंदरबनाला लागून असलेला, नद्यांनी वेढलेला भाग. पावसाळ्यात इथलं पाणी बऱ्यापैकी गोडं असतं. हिवाळ्यानंतर नद्यांचा जोर ओसरला की भरतीचं पाणी खाड्यांतून आत चढतं आणि तळी, कूपनलिका मचूळ होतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी बांगलादेशी सहकाऱ्यांसह इथल्या गरोदर स्त्रियांची पाहणी करून 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरड्या महिन्यांत केवळ पाण्यातून रोज 5 ते 16 ग्रॅम सोडियम शरीरात जात असावं, असा त्यांचा अंदाज निघाला. पावसाळ्यात हाच आकडा 0.6 ते 1.2 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे 2 ग्रॅमची, म्हणजे सुमारे चमचाभर मीठ, आणि तीही अन्न धरून! गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांचं प्रमाणही रुग्णालयात कोरड्या ऋतूत जास्त दिसलं.

सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. गरोदरपणात त्यातच लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, झटके आले, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. अर्थात सगळं इतकं सरळ नाही. खाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं, त्यांचा रक्तदाबावर उलटा परिणाम होऊ शकतो, असं नंतरच्या काही अभ्यासांत आढळलं आहे.

हे मीठ येतं कुठून? जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी 1993 पासून सुमारे 10 सेंटिमीटरने वाढली आहे. ऐकायला वीतभरही नाही. पण किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. वरचा थर थोडा घटला, की खालून मीठ बरंच वर येतं. किनाऱ्यालगतची विहीर उपसली की पाणी मचूळ का होतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मात्र दाकोपचा सगळा दोष तापमानवाढीच्या माथी मारणं काहींच्या सोयीचं ठरेल. गंगेवरचा फराक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाल्यावर कोरड्या ऋतूतला प्रवाह घटला. कोळंबीच्या शेतीसाठी खारं पाणी मुद्दाम शिवारात घेतलं गेलं. त्रिभुज प्रदेशातली जमीनही खचते आहे. मे 2009 च्या आयला वादळात तर बांध फुटून समुद्राचं पाणी थेट तळ्यांत शिरलं.

यातली सर्वांत अवघड गोष्ट घरगुती आहे. पाणी उकळलं तर जंतू मरतात, मीठ तसंच राहतं. उलट पाणी आटल्याने ते आणखी दाट होतं. वाळूच्या गाळणीतूनही ते खाली उतरतंच. पावसाचं पाणी साठवणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय, पण घरच्या टाकीत पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढं पाणी मावायला हवं. ती आटली, की सहाव्या-सातव्या महिन्यातली बाईही कळशी घेऊन त्याच तळ्यावर जाते.