सात मोसंब्या

जालन्याच्या मोंढ्यात सकाळचे आठ वाजलेत. मक्याची थप्पी लावणारा हमाल माझी बॅग उचलून काट्यावर ठेवतो. लाल आकडे थरथरतात, थांबतात : १६.४००.

"विमानात किती चालतंय?"

"पंधरा. वरच्या किलोला वेगळे पैसे."

"अन् माणसाचं वजन?"

"ते करत नाहीत."

"मग जाडा माणूस फायद्यात म्हणा की!"

आई तिथंच उकिडवी बसून चेन उघडते. धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, कुरड्या यांना हात लावायची तिची तयारी नाही. निघतात त्या मळ्यातल्या मोसंब्या. एक, दोन, तीन... सातवी बाहेर येते आणि काटा पंधराच्या खाली जातो. सातही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत पडतात. तिथं सात किलोची मुभा आहे.

"म्हणजे आमच्या पट्टीसारखंच," गादीवरून आडत्या म्हणतो, "मालाचा भाव वेगळा, हमाली, तोलाई वेगळी." अगदी तसंच. माझ्या तिकिटात खुर्ची आणि एवढंच वजन आहे. जादा किलो, आवडीची खिडकी, खाणं, सगळं निराळं लागतं.

रस्त्यावर काळी-पिवळी जीप उभी आहे. "एकच सीट, एकच सीट!" ड्रायव्हर ओरडतोय आणि आत चार जागा रिकाम्या आहेत. भरल्याशिवाय तो हलत नाही. विमानाला अशी वाट बघता येत नाही, म्हणून ते कित्येक महिने आधीपासून एकेक खुर्ची वेगळ्या भावानं विकत सुटतं. रिकामी उडालेली खुर्ची नंतर कुणी विकत घेत नाही.

बदनापूर, करमाड मागे पडतं. चिकलठाणा विमानतळ जालना रोडलाच लागून आहे.

काचेपलीकडे हैदराबादहून आलेलं इंडिगोचं एटीआर विमान थांबतं. पंख्यांचं, ७८ खुर्च्यांचं. पन्नास खुर्च्यांमागे एक सेविका असा नियम असल्यानं आत दोघीच. भारतात स्वस्त तिकिटाची ही वाट २००३ साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कननं पाडली. इंडिगोनं तर २००६ साली पहिलं उड्डाण करण्याआधीच १०० एअरबसची मागणी नोंदवून ठेवली होती. एकाच जातीची विमानं म्हणजे सुटे भाग एकाच जातीचे, वैमानिकांचं प्रशिक्षणही एकच. तो शिरस्ता कंपनीनं २०१७च्या अखेरीस लहान मार्गांसाठी मोडला आणि एटीआर घेतली. जिथं १८० खुर्च्यांचं जेट भरत नाही, तिथं हे भरतं आणि इंधनही कमी पितं.

मागच्या दारानं माणसं उतरतायत, पुढून बॅगा निघतायत. उतरलेले इमारतीत पोचत नाहीत तोवर आमची रांग लागलेली. विमान जमिनीवर उभं असलं तरी भाडं, पगार चालूच राहतात. तिकिटाचे पैसे मात्र ते उडेल तेव्हाच येतात.

वर गेल्यावर ढकलगाडी येते. सँडविच, कपातला उपमा, किमतीचं कार्ड. शेजारचे गृहस्थ कार्ड वाचून घडी करून ठेवतात. मी पिशवीतून मोसंबी काढतो, सोलतो, अर्धी त्यांना देतो. दोन रांगांपर्यंत वास जातो.

हैदराबाद जवळ येतं. उपमा विकणारी तीच सेविका आता हातमोजे घालून, कचऱ्याची पिशवी घेऊन फिरतेय. खाली झाडूवाल्यासाठी थांबायला सवड नाही. मी साली टाकतो. ती पिशवीचं तोंड पिळते, मनगटावरचं घड्याळ बघते आणि पुढच्या रांगेकडे वळते. अर्ध्या तासात तिला पुन्हा उडायचंय.