वरिष्ठ पदाची मुलाखत : अनुभव असला तरी तयारी हवीच

पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला मुलाखतीची तयारी करणे कमीपणाचे वाटते. एरवी तो स्वतःच इतरांच्या मुलाखती घेत असतो. पहिल्या नोकरीच्या वेळी असलेली धास्ती आता उरलेली नसते आणि नेमका तेथेच घात होतो.

वरिष्ठ पदे पुष्कळदा जाहिरातीविनाच भरली जातात. कंपनी हे काम शोधसंस्थेकडे सोपवते आणि तिचे शुल्कही कंपनीच भरते. साहजिकच संस्थेचा सल्लागार हा कंपनीचा माणूस असतो, उमेदवाराचा नव्हे. त्याचा पहिला दूरध्वनी हीच पहिली मुलाखत समजावी. नोकरीसाठी उमेदवाराकडेच पैसे मागितले गेले, तर दूर राहणे शहाणपणाचे.

सर्वोच्च पदांबाबत कायद्याची चौकटही आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७८ नुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत नामनिर्देशन व मानधन समिती असावी लागते. मुख्य वित्त अधिकारी किंवा कंपनी सचिव यांची नेमणूक कलम २०३ नुसार संचालक मंडळाच्या ठरावानेच होते. म्हणजेच अध्यक्षांशी गप्पा रंगल्या म्हणून पद मिळाले, असे होत नाही.

मुलाखतीत भर असतो तो पूर्वीच्या कामगिरीवर. ‘विक्री वाढवली’ एवढे उत्तर पुरेसे नसते. किती वाढली, किती काळात, किती माणसांनिशी आणि कोणत्या खर्चात, हे सांगता आले पाहिजे. परिस्थिती, जबाबदारी, स्वतःची कृती आणि परिणाम या क्रमाने पाच-सहा प्रसंग लिहून काढावेत. त्यांत फसलेला एखादा निर्णयही असावा. प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ म्हणणाऱ्याचा स्वतःचा वाटा समजत नाही. प्रत्येक वाक्यात ‘मी’ म्हणणाऱ्यासोबत काम कोण करणार, असा प्रश्न पडतो.

कंपनीचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षकांचा अभिप्राय वाचून जावे. थकलेली येणी का वाढली, असा प्रश्न विचारणारा उमेदवार लक्षात राहतो.

माहिती लपवणे मात्र महागात पडते. भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू केल्यापासून प्रत्येक सभासदाच्या नोकऱ्यांची नोंद एका क्रमांकाशी जोडली जाते. चार महिन्यांत सोडलेली नोकरी पडताळणीत उघड होऊ शकते. ती आधीच सांगून कारण देणे बरे.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. तोंडी होकारावर राजीनामा देऊ नये. स्वाक्षरीचे नियुक्तिपत्र हाती येऊ द्यावे. जुन्या करारातील सूचना कालावधी तपासावा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे बंधन मात्र कायम राहू शकते. घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे सुरू असलेल्या वयात दोन्ही नोकऱ्या हातच्या जाणे परवडणारे नसते.