घराला लागेल तेच हाताने करा

पेणचा गणपती हाताने घडतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवणं, ती घासून गुळगुळीत करणं, रंगाचे हात देणं, दागिने आणि सोवळ्याच्या कडा रंगवणं आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, यातलं प्रत्येक काम कुणीतरी मान मोडून, बोटांनी केलेलं असतं. शहरातले आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांतले कारखाने जवळजवळ वर्षभर चालू असतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर सणाच्या कितीतरी आधी पेटीबंद होऊन बोटीवर चढतात. एवढ्या मेहनतीची मूर्ती घरी येते आणि बाजारातल्या तयार मखरात बसते. मखर, तोरण, पताका, आसनावरचं वस्त्र, निर्माल्याची पिशवी या गोष्टी पूर्वी अनेक घरांत घरच्या घरी होत असत आणि आजही त्या तितक्याच सोप्या आहेत. माझं म्हणणं मात्र गणपतीच्या सजावटीपुरतं नाही. मुलांना घेऊन घरी शिवणकाम किंवा कागदकाम करायचं असेल, तर घराला खरोखर लागणारीच वस्तू करायला घ्यावी. वस्तू वापरात येणार असली की ती नीट करावीच लागते, आणि नीट करण्याच्या त्या खटपटीत हात शिकतो. नुसत्या शोभेच्या कामात हे सहसा घडत नाही.

आज 'क्राफ्ट' म्हटलं की आधी दुकान आठवतं. चकाकीची पूड, फोमचे रंगीत तुकडे, आधीच कापून ठेवलेले आकार असं सगळं एका डब्यात मिळतं आणि मुलाने ते फक्त चिकटवायचं असतं. मोजायचं नाही, कापायचं नाही, चुकलं तर उसवायचं नाही. चकाकी आणि फोम दोन्ही प्लास्टिकच, तेव्हा प्रदर्शन संपल्यावर त्यांचा कचरा मागे राहतोच. पण मला त्याहून मोठं नुकसान वेगळं वाटतं. जी वस्तू कुणी वापरणार नाही, तिची रेष सरळ आली काय आणि वाकडी आली काय, काहीच बिघडत नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं. ज्या पिशवीतून उद्या दोन किलो कांदे यायचे आहेत तिचा बंद कच्चा शिवला, तर कांदे रस्त्यावर सांडतात. तिथे चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरज उरत नाही, आणि ती कशी सुधारायची हेही सुटलेल्या शिवणीकडे बघून समजतं.

हा विचार ज्यांनी शिक्षणाच्या मध्यभागी आणला त्यांच्यातले एक याच तालुक्यातले. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. विनोबा त्या समितीचे सभासद होते. सूतकताईसारखा एखादा उत्पादक उद्योग घ्यायचा आणि त्याच्याभोवती गणित, भाषा, विज्ञान गुंफायचं अशी ती योजना. शाळांचे कारखाने होतील, मुलं राबवली जातील, अशी टीका तेव्हाच झाली. मुलांच्या उद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा त्या योजनेत होती, म्हणून त्या टीकेत तथ्यही होतं. घरात ती भीती नाही, कारण घरी केलेली पिशवी विकायची नसते. नई तालीममधला टिकाऊ भाग तेवढा घ्यावा: मुलाने केलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडावी. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला आणि अनेक शाळांत त्याचं चिकटकाम होऊन बसलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना हाताचं काम शिकण्याची सोय आहे. तिचंही तेच होऊ नये असं वाटत असेल, तर घरात सुई आणि कात्री दिसायला हवी.

आता मखराकडे. वाण्याकडून किंवा फ्रिजच्या दुकानातून आणलेला पुठ्ठ्याचा मोठा खोका त्याला पुरतो. या पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागदाचा थर असतो आणि त्यामुळे आत बारीक नळ्या तयार होतात. या नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा ताठ राहतो. आडव्या ठेवल्या तर तोच पुठ्ठा दोन दिवसांत कमरेत वाकतो. अनेक घरगुती मखरं याच कारणाने कोसळतात. मूर्तीची उंची आणि रुंदी कारखान्यातून आधीच विचारून घ्यावी आणि वर व दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडावी. फूटभर मूर्तीला दोन फूट उंचीची पाठ छान दिसते. मूर्तीचं वजन पाटावर किंवा चौरंगावर असावं, मखराने फक्त स्वतःला तोलायचं. खांबासाठी पुठ्ठ्याचे तीन सारखे उभे भाग आखून, चौथी बोटभर माया चिकटवायला सोडून, त्रिकोणी नळी करावी. पुठ्ठा मोडायच्या रेषेवरून आधी चमच्याच्या दांड्याने दाबून ओढलं की मोड सरळ येते. सांधे शक्यतो गोंदाने करूच नयेत. एका तुकड्याला वरून अर्धी खाच आणि दुसऱ्याला खालून अर्धी खाच दिली की ते एकमेकांत बसतात, आणि विसर्जनानंतर मखर सपाट होऊन माळ्यावर जातं.

सजावटीला घोटीव किंवा पतंगी कागदाचे घडीचे पंखे सुंदर दिसतात, आणि घडीमागचं कारण मुलांना हातात धरून दाखवता येतं. साधा कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवला तर मधे लोंबतो. त्याच कागदाला बोटभर रुंदीच्या चुण्या घातल्या की तो वर ठेवलेली वाटीही पेलतो. छापखान्याचा ए-फोर कागद घेतला तर आणखी एक गंमत सापडते. तो मधोमध कापला की अर्ध्या भागाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण पहिल्याइतकंच राहतं, म्हणून मोठ्यापासून छोट्यापर्यंत एकाच ठेवणीचे पंखे आपोआप मिळतात. असे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर, म्हणून चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा एक ताव पाच ग्रॅम भरतो. सातवी-आठवीच्या मुलाला हे प्रमाण दोनाच्या वर्गमुळाचं का असतं ते शोधायला सांगावं. चिकटवायला तांदळाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ पुरे: एक वाटी पीठ, चार वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. बुक-बायंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या हाती द्यायच्या खळीत तो घालू नये, तो विषारी आहे. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ त्या दिवशी करावी.

कुणी म्हणेल, भाद्रपदात पेणसारख्या ठिकाणी, रायगड जिल्ह्यात कागद टिकणार कसा? शंका रास्त आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात कागद हवेतला ओलावा शोषतो आणि ओली खळ बुरशी धरते. म्हणून खळ पातळ लावावी, प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा, मखर भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं आणि खांब दुहेरी पुठ्ठ्याचे करावेत. दुसरी शंका आगीची, आणि ती पहिलीहून गंभीर. समई आणि निरांजन मखराच्या बाहेर, मोकळ्या जागी ठेवावीत, तापणारे बल्ब कागदाजवळ लावू नयेत. मात्र थर्माकोलचं मखर अधिक सुरक्षित होतं असं कुणी समजू नये. तेही पेट घेतं आणि त्याचा धूर अधिक घातक असतो. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकसोबत थर्माकोलवर बंदी आणली. त्या गणेशोत्सवापुरती तरी सवलत द्या म्हणून विक्रेते उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ती दिली नाही. पण म्हणून कागद सर्वत्र निर्दोष ठरत नाही. कागदी लगद्याच्या मूर्तींना २०११ च्या शासन निर्णयाने प्रोत्साहन दिलं होतं, आणि लगदा पाण्यात गेल्यावर होणाऱ्या प्रदूषणाच्या प्रश्नावर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याला लगाम घातला. तेव्हा घरचं कागदी मखर भोगावती किंवा कुंडलिका नदीत सोडायचं नसतं. ते घडी घालून पुढच्या वर्षासाठी ठेवायचं असतं.

शिवणकामाची सुरुवात पिशवीने करावी, कारण तिच्यात सरळ शिवणीखेरीज काही नाही. जुन्या सुती चादरीचा मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद तुकडा मधोमध दुमडला की अर्ध्या मीटरची चौकोनी पिशवी होते. दोन बाजू धावदोऱ्याने टाचून घ्याव्यात, मग त्यावरूनच एक पाऊल मागे येऊन दोन पावलं पुढे जाणारी टीप घालावी. धावदोरा ओढला की सुटतो, टीप सुटत नाही. सगळा ताण बंदांच्या सांध्यावर येतो, म्हणून तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता ठरलेला. दुसरी पायरी गोधडीची. नऊवार साडी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीचे चार थर एकावर एक येतात आणि एका माणसाची पावसाळी गोधडी तयार होते. टाके फक्त थर जोडतात असं वाटतं, पण थरांमध्ये हवा अडकवून ठेवण्याचं कामही तेच करतात, आणि ऊब त्या हवेची असते. टाके फार दाट घातले की गोधडी कडक होते आणि ऊबही कमी देते; फार विरळ घातले तर थर आत सरकून गोळा होतात. आधी लांब कच्च्या टाक्यांनी चारी कडा आणि मध्य बांधून घ्यावा, मग घरातल्या चौघांनी चार बाजूंना बसून बोटभर अंतराच्या ओळी घालाव्यात. पहिल्या ओळी वाकड्या येणारच. त्या उसवू नयेत, त्यांनी गोधडीचं काही बिघडत नाही.

या सगळ्यावरचा खरा आक्षेप मला वेगळाच वाटतो: 'घरी करू या' असं ठरतं आणि ते काम शेवटी आईच्या गळ्यात पडतं. सणाच्या दिवसांत आधीच कामाखाली वाकलेल्या बाईवर मखर आणि पिशव्या लादणार असू, तर बाजारातलं मखर शतपट बरं. यावर उपाय एकच, सुई घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी आधी उचलावी. शिवण हे बायकांचं काम हा समज तसाही पोकळ आहे. बाजारपेठेतला शिंपी बहुधा पुरुष असतो आणि गणपतीच्या कारखान्यांत बाया-पुरुष दोघेही रंगाला बसतात. वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. बसलेल्या तासांची मजुरी धरली तर घरची पिशवी विकतच्या पिशवीहून महाग पडते, हे खरंच आहे. पण ती एकदा शिवलेल्या मुलाला पुढे शर्टाचं बटण, पँटची उसवलेली कड आणि दप्तराचा तुटलेला बंद यांसाठी कुणाकडे जावं लागत नाही, आणि फेकून द्यायच्या कितीतरी वस्तू घरात राहतात. कारागिरांच्या पोटावर पाय येईल ही भीतीही खरी ठरणारी नाही. दोन खांब सरळ उभे करताना ज्याची दमछाक झाली आहे, तो आखणीच्या एका फटकाऱ्यामागची वर्षं ओळखतो आणि मूर्तीच्या किमतीवरून घासाघीस करत नाही.

म्हणून सणाला एकच वस्तू ठरवा, ती घराला लागणारी असू द्या, आणि पुठ्ठ्याचा खोका आत्ताच बाजूला काढून ठेवा. मूर्ती पेणच्या कारागिराकडूनच घ्या, तिचे पुरेपूर पैसे द्या, आणि तिच्यामागचं मखर यंदा घरात सगळ्यांनी मिळून करा.