गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

नाशिकहून पेठकडे जाताना सावळघाटात थांबवलेली जुनी कार्बोरेटरची जीप काही वेळा लगेच पुन्हा सुरू होत नाही. बंद डब्यात बसवलेल्या बोटीच्या पेट्रोल इंजिनाचेही असेच होते. इंजिन बंद होताच पंखा आणि पाण्याचे फिरणे थांबते. धातूत साठलेली उष्णता कार्बोरेटर व इंधननळीपर्यंत पोहोचते. पेट्रोलमधील हलके घटक कमी तापमानाला उकळत असल्याने नळीत वाफ अडकते, किंवा उकळलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये जास्त जाते.

तपासणी क्रमाने करावी. स्टार्टर मंद फिरत असेल तर बॅटरी, तिची टोके आणि स्टार्टर पाहावा. तो जोरात फिरत असेल तर स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. प्लग कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. नळीवर व पंपावर ओले फडके ठेवावे. इंधन पोहोचत असूनही ठिणगी क्षीण असेल आणि इंजिन थंड झाल्यावर ती परत येत असेल, तर इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा.

पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची चाचणी करू नये, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बोटीत आधी ब्लोअर किमान चार मिनिटे चालवून वाफ बाहेर काढावी आणि वास गेल्याची खात्री झाल्यावरच किल्ली फिरवावी.